हाताच्या तळव्यावरचा गोवा: ठोकळ्यांच्या सूक्ष्म मॉडेलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, पणजी, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणी लेगोचे ठोकळे जोडत बसणारी मोठी माणसं आता बरीच आहेत. चवथीच्या सुट्टीत पुतण्याचा डबा उघडला आणि मग तो बंदच झाला नाही, अशी त्यातल्या अनेकांची सुरुवात. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

सूक्ष्म मॉडेल म्हणजे नेमकं केवढं?

लेगोचा पिवळ्या चेहऱ्याचा माणूस १९७८ साली आला. त्याची उंची साधारण चार सेंटिमीटर. त्याला दारातून आत जाता येईल अशा मापाचं घर बांधायचं तर खऱ्या घराच्या सुमारे बेचाळिसाव्या हिश्श्याएवढं बांधावं लागतं. त्या मापात जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनचा ४६ मीटरचा मनोरा मीटरभराच्या वर जातो. एवढे ठोकळे कोणाकडे असतात, आणि ठेवणार कुठे?

म्हणून माप लहान करायचं. माणूस आत मावला पाहिजे ही अट सोडली की ते मॉडेल सूक्ष्म झालं. ठरलेलं एकच माप असं नाही. कोणी १:२०० धरतो, कोणी १:१०००. मी १:५०० सुचवतो, कारण या मापात हिशोब तोंडी होतो: माणूस जेमतेम एका प्लेटीएवढा (प्लेट म्हणजे ठोकळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा चपटा तुकडा), इमारतीचा एक मजला दोन प्लेटींचा.

हिशोब कसा करायचा? गणित कच्चं आहे.

चार आकडे पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. एका स्टडपासून, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यापासून, शेजारच्या स्टडपर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, वरचा स्टड सोडून, ९.६ मिलिमीटर. प्लेटची ३.२. तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा.

आता तोच मनोरा घ्या. ४६ मीटर म्हणजे ४६,००० मिलिमीटर, भागिले ५००, आले ९२. त्याला ३.२ ने भागलं की पावणेएकोणतीसच्या आसपास, म्हणजे २९ प्लेटी. नऊ ठोकळे आणि वर दोन प्लेटी लावल्या की ९२.८ मिलिमीटर होतात. पाऊण मिलिमीटर जास्त झालं, ते कोणाच्या बापाला दिसणार नाही.

याच हिशोबाने अटल सेतूही करून बघा. २०१९ च्या जानेवारीत खुला झालेला मांडवीवरचा हा तिसरा पूल ५.१ किलोमीटर लांब आहे. १:५०० मध्ये तो साधारण सव्वादहा मीटर भरतो. म्हणून पुलाचं मॉडेल करणारा शहाणा माणूस फक्त मधला, केबलींनी तोललेला भाग उचलतो आणि दोन्ही टोकं सरळ कापून टाकतो.

सुरुवात कुठल्या वास्तूपासून करावी?

जिची बाह्यरेषा अंधारातसुद्धा ओळखू येते तिच्यापासून. सूक्ष्म मापात नक्षी टिकत नाही, आकार टिकतो. आग्वादचं १८६४ चं जुनं दीपगृह नवशिक्यासाठी उत्तम: गोल, बुटकं, पांढरं, एका संध्याकाळी होतं. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल दुसऱ्या पायरीला घ्या. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तेव्हापासून ते एकाच मनोऱ्याचं उभं आहे. हा तिरपेपणाच तुमच्या कामाचा. दर्शनी भाग सहा स्टड रुंद केला आणि मनोरा एकाच बाजूला चढवला, तरी गोव्यातलं पोर लगेच नाव सांगतं. दोन्ही बाजूंना मनोरे लावलेत तर तीच इमारत कुठल्याही गावची इगर्ज (चर्च) होते.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ मात्र सुरुवातीला घेऊ नका. काळा पाषाण, बाराव्या शतकाची घडण, छोटंसं शिखर, सगळं मोहात पाडणारं आहे. पण त्याचं सौंदर्य कोरीव कामात आहे, आणि १:५०० ला ते काळ्या ठोकळ्यांचा ढीग दिसतं. ते १:१०० ला करा, हात बसल्यावर.

मंगेशीच्या देवळापुढचा दीपस्तंभ उभाच राहत नाही. दर वेळी कलतो.

हा प्रश्न दीपस्तंभ करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. सात मजल्यांचा स्तंभ एक स्टड जाडीच्या गोल ठोकळ्यांतून चढवला की तो चौथ्या मजल्यानंतर झुलायला लागतो. उपाय दोन.

पहिला: पोकळ स्टडचे गोल ठोकळे वापरा आणि आतून बार घाला. लेगोच्या स्टार वॉर्स योद्ध्याच्या हातातल्या प्रकाश-तलवारीचं गोल पातं असतं ना, तोच बार. जाडी ३.२ मिलिमीटरच्या किंचित आत, भोकात नेमका बसतो. एक बार चार स्टड लांब असतो, म्हणून दोन बार एकामागून एक घालताना त्यांचा सांधा आणि ठोकळ्यांचा सांधा एकाच उंचीवर येऊ देऊ नका.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो: माप थोडं वाढवून दोन बाय दोनचे गोल ठोकळे घ्या. त्यांच्या मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराचं भोक असतं, त्यातून टेक्निकचा (लेगोच्या यंत्रांच्या मालिकेचा) अॅक्सल, म्हणजे दांडा, सरळ वरपर्यंत जातो. प्रत्येक मजल्यानंतर एक गोल प्लेट टाकली की मजल्यांमधली कंगणी दिसते. मजले मात्र मोजून सातच करा. सहा केलेत तर चूक काढणारा पहिला माणूस तुमच्याच घरातला असेल.

पणजीच्या इगर्जीच्या पायऱ्या एवढ्याशा मापात कशा दाखवायच्या?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सूक्ष्म मॉडेलाची सगळी विद्या या पायऱ्यांत आहे.

मांडवीकडून वर बघितलं की आपल्याला पायऱ्या दिसतच नाहीत. दिसतो तो पांढऱ्या कठड्याचा नागमोडी पट्टा, डावीकडून उजवीकडे आणि परत. म्हणून पायऱ्या विसरा, फक्त कठडा बांधा.

मागची भिंत फिक्या करड्या रंगात रचा. तिच्यापुढे कठड्याच्या एका चढाला दोन पांढरे चीज स्लोप लागतात. हा चीजच्या तुकड्यासारखा उतरता, एक स्टडचा, दोन प्लेटींएवढ्या उंचीचा तुकडा. सुट्या भागांच्या यादीत त्याचा क्रमांक ५४२००. पहिला तळाला बसवा. त्याच्या शेजारी दोन करड्या प्लेटी ठेवून त्यावर दुसरा बसवा. झाला एक चढ. आरशातल्यासारखा तसाच दुसरा चढ समोरच्या बाजूने. वरचा टप्पा एक स्टड मागे सरकवा आणि चढांची दिशा उलट करा. मधल्या सपाटीवर पांढरी टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट.

दोन टप्पे झाले की हात लांब करून मॉडेल डोळ्यांपासून दूर धरा आणि डोळे बारीक करा. नागमोड दिसली तर वर चढा. नाही दिसली तर करडा रंग फार फिका झाला आहे, एक छटा गडद घ्या. घंटेसाठी मधल्या कमानीत एक सोनेरी गोल प्लेट पुरे.

ठोकळे आडवे बसवतात म्हणजे काय?

स्टड वर न ठेवता बाजूला काढायचे. जगभरचे लोक याला स्नॉट म्हणतात, आपणही तेच म्हणतो. पणजीच्या फाँतेन्हाश वाड्यातल्या घराच्या पिवळ्या भिंतीवर पांढरी चौकट हवी असेल तर वरून रचून ती फार जाड येते. बाजूला स्टड असलेला एक बाय एकचा ठोकळा, क्रमांक ८७०८७, भिंतीत पेरा आणि त्यावर टाइल आडवी लावा. पाच प्लेटींची जाडी बरोबर दोन स्टडांच्या रुंदीएवढी, १६ मिलिमीटर, भरते. आडव्या-उभ्या कामाचा मेळ या एका आकड्यावर बसतो.

अर्ध्या स्टडाने सरकवायचं असेल तर जंपर प्लेट: दोन स्टड लांब, पण वर मधोमध एकच स्टड. घरापुढचा बाल्कांव (बसायचा ओटा) मधोमध बसवायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, रंग कुठला?

वाद घालायला बसलात तर रात्र सरेल. बॉम जेझूच्या भिंतींवरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि आतला चिरा उघडा पडला. आज आपण जो तांबूस रंग त्या बासिलिकाचा समजतो तो खरं तर गिलाव्याखालचा. मॉडेलात मी गडद नारिंगी धरतो आणि अधूनमधून एखादी तपकिरी प्लेट घुसवतो, म्हणजे पावसाने काळवंडलेला चिरा वाटतो. नुसता लाल घेतलात तर अग्निशमन केंद्र होतं.

कौलांसाठीही गडद नारिंगी चालतो, पण मग भिंत आणि छप्पर एक होतं. तेव्हा छपराला तपकिरी घ्या, किंवा जाळीची टाइल वापरा, तिच्या रेघा मंगलोरी कौलांच्या ओळींसारख्या दिसतात. पाण्याला सगळे जण पारदर्शक निळा लावतात. जुलैतली मांडवी ज्यांनी बघितली आहे त्यांनी तरी गढूळ पिवळट रंग घ्यावा.

एक सावधगिरी: रंगांची नावं दोन आहेत. कंपनी ज्याला मीडियम स्टोन ग्रे म्हणते त्याला ब्रिकलिंकवर, म्हणजे सुट्या ठोकळ्यांच्या ऑनलाइन बाजारात, लाइट ब्लुइश ग्रे म्हणतात, आणि कंपनीचा ब्रिक यलो म्हणजे तिथला टॅन. यादी देताना कुठली नावं वापरली ते वर लिहा, नाहीतर मागवणाऱ्याच्या घरी भलताच करडा येतो.

संगणकावर आराखडा करायचा तर काय वापरू?

ब्रिकलिंकचं स्टुडिओ. फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतं, ठोकळे एकमेकांत घुसले तर सांगतं, बांधणीची पुस्तिकाही त्यातच होते. ब्रिकलिंक २०१९ मध्ये लेगो कंपनीने विकत घेतलं. घरी लिनक्स असेल किंवा संगणक म्हातारा असेल तर लिओकॅड घ्या, हलकं आहे. काहीच चढवायचं नसेल तर मेकाब्रिक्स ब्राउझरमध्येच उघडतं. लेगोचं स्वतःचं डिजिटल डिझायनर मात्र आता बंद झालं आहे. जुन्या व्हिडिओंत ते दाखवतात, शोधत बसू नका.

स्टुडिओ आणि लिओकॅडच्या मुळाशी एल्ड्रॉ आहे, म्हणजे ठोकळ्यांचे आकार संगणकावर मांडायची पद्धत. जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये ते बनवलं आणि दोन वर्षांत तो गेला. ठोकळ्यांच्या आकारांचं भांडार तेव्हापासून हौशी लोकांनीच वाढवत नेलं आहे. त्यामुळे फाइल पाठवताना स्टुडिओच्या फाइलबरोबर एल्ड्रॉची प्रतही पाठवा. समोरच्याकडच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते.

पडद्यावर मॉडेल पूर्ण झालं. आता ते झालं म्हणायचं का?

माझ्या मते नाही. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं आणि हवा तो भाग हव्या त्या रंगात मिळतो. स्टुडिओ जांभळ्या रंगातली कमान देईल, पण ती त्या रंगात कधी निघालेलीच नसेल. किमान अवघड जागा, म्हणजे सांधा, टोक आणि छपराचा कोन, हातात घेऊन जोडून बघा. रंग जुळला नाही तरी हरकत नाही.

मॉडेल इतरांना द्यायचं तर सोबत काय काय द्यावं?

चित्र टाकून «कसं वाटलं» विचारणारे पुष्कळ. सत्तरी तालुक्यातल्या कोणा मुलाला ते मॉडेल त्याच्याकडच्या ठोकळ्यांतून बांधता यावं, असा विचार करून देणारे थोडे. या दुसऱ्या प्रकारचे व्हा.

फाइल द्या. सुट्या भागांची यादी द्या, क्रमांक, रंग आणि नग यांच्यासह. पुस्तिका द्या, आणि तिच्यात एका पायरीत तीन ते पाच भागांहून जास्त ठेवू नका. गडद करडा आणि काळा शेजारी आले तर छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्या पायरीत कोन बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी देत नाही ते: पर्यायांची ओळ. «चीज स्लोप नसेल तर एक बाय एकची टाइल चालेल, नागमोड थोडी बोथट दिसेल.» ही एक ओळ पुढच्या माणसाचे पैसे वाचवते.

ठेवायला रिब्रिकेबल चांगलं. तुमच्याकडचे संच तिथे नोंदवले की कुठलं मॉडेल तुमच्या ठोकळ्यांतून होईल ते तीच साइट सांगते.

सुटे भाग गोव्यात मिळतात का?

दुकानात सुटे भाग मिळणं कठीण, मिळतात ते संच. ब्रिकलिंकवर भारतातले विक्रेतेही आहेत, आधी त्यांच्याकडे बघा. परदेशातून मागवण्याआधी जकातीचा विचार करा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. दीडशे रुपयांच्या प्लेटींसाठी टपालखर्चासकट किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. तीन-चार जणांनी मिळून एक मागणी करणं हा आमच्याकडचा जुना रिवाज. आणि ओळखीपाळखीत विचारा. मुलं दहावीला गेली की माळ्यावर गेलेले डबे बऱ्याच घरांत असतात.

दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे चालतात का?

बसतात. दोन बाय चारच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ च्या जानेवारीत दाखल झालं होतं, ते कधीच संपलं. ठोकळ्याच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळवायचा प्रयत्न कंपनीने केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये तो नाकारला. तेव्हा मिसळायला काही हरकत नाही. स्वस्त ठोकळ्यांची पकड कमी-जास्त असते, म्हणून ते पायात आणि पोटात वापरा, टोकाला आणि आडव्या कामाला चांगले ठेवा. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेवढं डब्यावर बघून घ्या.

माझं मॉडेल लेगोने संच म्हणून काढावं असं वाटतं. कसं पाठवू?

लेगो आयडियाजवर. १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते. संच निघाला तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का तुम्हाला. पण तिथल्या नियमांत धार्मिक वास्तू आणि चिन्हं चालत नाहीत. म्हणजे मंगेशी नाही, शांतादुर्गा नाही, से कॅथेड्रलही नाही. २०२४ मध्ये कंपनीने स्वतः पॅरिसच्या नोत्र दामचा ४,३८३ भागांचा संच काढला, हे खरं. पण तो त्यांचा निर्णय, आपल्याला तो रस्ता बंद. आयडियाजला फेरीबोट पाठवा. गाड्या, स्कूटर, मासळीची पाटी, रेलिंगला टेकलेली माणसं, सगळं एका तरंगत्या पत्र्यावर. असा विषय जगात दुसऱ्या कोणाच्या हाताला सहज लागायचा नाही.

पानाच्या किंवा गटाच्या नावात लेगो शब्द घालू का?

नको. ते कंपनीचं नोंदलेलं चिन्ह आहे. मजकुरात खुशाल वापरा, नावात टाळा.

दुसऱ्याचं मॉडेल बघून बांधलं तर?

बांधा, आणि मूळ कोणाचं ते पहिल्या ओळीत लिहा. विकायचं असेल तर आधी त्याला विचारा.

फोटो चांगले येत नाहीत.

फ्लॅश बंद करा. सकाळी बाल्कांवात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, पांढरा कार्डशीट मागून वर वाकवून ठेवा. फोन मॉडेलाच्या उंचीवर आणा, वरून काढू नका. मॉडेल इमारतीसारखं दिसण्यात अर्धा वाटा या खाली आणलेल्या फोनचा असतो. एक फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, माप कळतं.

पावसाळ्यात ठोकळ्यांना बुरशी येते का?

प्लास्टिकला नाही, पण त्यावरच्या धुळीला आणि हाताच्या तेलकटपणाला येते. जूनच्या आधी कोमट पाण्यात साबण घालून धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको, नाहीतर भाग वाकतात. पूर्ण सुकल्याशिवाय डबा लावू नका. स्टडाच्या पोकळीत थेंब राहतो. उन्हात मात्र वाळवू नका. पांढरे आणि निळे ठोकळे उन्हाने पिवळे पडतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक वास्तू पांढऱ्याच. मॉडेल खिडकीत ठेवायचा हट्ट असेल तर उत्तरेची खिडकी निवडा.

लहान मुलांबरोबर करता येईल?

तीन वर्षांखालच्यांपासून हे भाग दूर ठेवा, एक बाय एकची प्लेट घशात जाते. सात-आठ वर्षांच्या मुलांना सूक्ष्म मॉडेल फार आवडतं, कारण अर्ध्या तासात पूर्ण होतं. त्यांना आराखडा देऊ नका. फक्त वीस ठोकळे द्या आणि आपलं घर बांधायला सांगा.

नरकासूर बांधला तर पहाटे जाळायचा का?

नाही हो. एबीएस प्लास्टिक आहे, धूर विषारी. मोडा आणि ठोकळे डब्यात टाका. मुखवटा नीट जमला असेल तर तेवढा ठेवा, पुढच्या दिवाळीला उपयोगी पडेल.

मॉडेल फोंड्याहून पणजीला बसने कसं न्यावं?

आराखडा करतानाच त्याचे तीन-चार तुकडे सुटतील असं बघा: पाया, धड, मनोरा, छप्पर. प्रत्येक तुकडा खालच्यावर दोन किंवा चार स्टडांनीच धरलेला असावा, जोडाला टाइल आणि मधे जंपर. तुकडे चपातीच्या स्टीलच्या डब्यात, मधे जुन्या सुती साडीचे तुकडे कोंबून ठेवा. डबा मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको. सुटे दहा-बारा ठोकळे खिशात ठेवा, बाणस्तारीच्या आसपास काहीतरी निसटतंच.